ग्रामपंचायतीचा विवाह दाखला दुबईत चालण्यासाठी नेमकं काय करावं लागतं?

पालशेतचा_पोर
नमस्कार मंडळी. आमचं लग्न मे महिन्यात गावाला झालं, गुहागर तालुक्यात. नोंदणी आमच्याच ग्रामपंचायतीत केली, ग्रामसेवकांच्या सहीचा दाखला हातात आहे. मी दुबईला नोकरीला. आता बायकोला फॅमिली व्हिसावर आणायचंय तर कंपनीचा पीआरओ, म्हणजे व्हिसाची सरकारी कामं बघणारा माणूस, म्हणतो, मॅरेज सर्टिफिकेट अटेस्टेड (साक्षांकित) हवं. मस्कतचा मावसभाऊ म्हणतो, अपोस्टिल करून टाक, माझं तेवढ्यावर झालं. मुंबईतल्या एका एजंटाने फोनवर जो आकडा सांगितला त्यात आमच्या मांडवाचा आणि वाजंत्र्यांचा खर्च निघाला असता.

दुसरी भानगड अशी की दाखल्यावर बायकोचं सासरचं नाव लिहिलंय. लग्नात ताटातल्या तांदळात जे नाव लिहिलं तेच. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे.

मी इकडे, कागद तिकडे. धावपळ करायला घरी बाबा आहेत, पण त्यांना चिपळूणच्या पुढे एकटं पाठवायचं म्हणजे आईचा जीव वरखाली. कोणी हे स्वतः केलंय का? क्रम काय?

खाडीपलीकडे
तुमचा भाऊ आणि तुमचा पीआरओ, दोघेही बरोबर आहेत. मस्कत ज्या देशात आहे तो ओमान अपोस्टिलच्या करारात आहे, दुबई ज्यात येते ती संयुक्त अरब अमिराती नाही. सगळा गोंधळ तिथे आहे.

थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या पक्षकाराला हे पहिल्यापासून सांगावं लागतं. (रत्नागिरीत वकिली करतो.) ५ ऑक्टोबर १९६१ ला हेग येथे एक करार झाला. त्यातल्या देशांनी एकमेकांच्या सरकारी कागदांवर दूतावासाचे शिक्के मागायचे नाहीत, ठरलेल्या नमुन्याचं एकच प्रमाणपत्र मान्य करायचं. ते प्रमाणपत्र म्हणजे अपोस्टिल. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे आणि आपल्याकडे अपोस्टिल देतं परराष्ट्र मंत्रालय. दाखल्याच्या पाठीमागे एक स्टिकर चिकटवतात, त्यावर क्रमांक असतो आणि तो क्रमांक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर घालून खरा-खोटा तपासता येतो.

करारात नसलेले देश, म्हणजे अमिराती, कतार, कुवेत, यांना जुन्या पद्धतीची साखळी लागते. परराष्ट्र मंत्रालयाचं साधं साक्षांकन, मग त्या देशाच्या भारतातल्या दूतावासाचा किंवा वकिलातीचा शिक्का, मग तिथे पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का.

पण दोन्ही वाटांची सुरुवात एकच. परराष्ट्र मंत्रालय तुमच्या ग्रामसेवकाला ओळखत नाही. ते ओळखतं राज्य शासनाला. म्हणून आधी राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाचा शिक्का, म्हणजे आपल्यासाठी मुंबईचं मंत्रालय. आणि राज्यातल्या हजारो ग्रामपंचायतींच्या ग्रामसेवकांच्या सह्यांचे नमुने मंत्रालयातल्या टेबलावर असणं कठीणच, त्यामुळे मधे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी मागितली जाऊ शकते. बाबांना मुंबईच्या गाडीत बसवण्याआधी हे पंचायत समितीत विचारून घ्या. वरची सही नसलेला कागद घेऊन गेलात तर तसेच परत याल.

आता महत्त्वाचं. या साखळीतला एकही माणूस तुमचं लग्न खरं आहे का ते बघत नाही. प्रत्येकजण फक्त आपल्या आधीच्याची सही आणि शिक्का खरा आहे, आणि तो माणूस त्या पदावर आहे, एवढंच सांगतो. अपोस्टिलचंही तसंच आहे, मजकुराची हमी ते देत नाही. म्हणजे मूळ दाखल्यात नाव चुकलं असेल तर सगळे शिक्के बसूनही ती चूक तशीच दुबईला पोचणार. आणि तिथला अधिकारी शिक्के मोजणार नाही, पासपोर्ट शेजारी ठेवून नाव वाचणार. म्हणून आधी नावाचं काम करा, बाकीचं नंतर.

काजूगर
वकीलसायब बरोबर सांगतत. पयलो कागदच चुकलो तर फुडचे शिक्के मारून काय उपेग? आमच्या शेजारच्या झिलान सगळा करून घेतल्यान, कतारात ग्येलो, आणि बायलेचा नाव जुळना म्हणान सगळा परत. एजंटान पैशे काय परत दिल्यान नाय.

शबाना_दापोली
आमच्याकडे घरटी एक माणूस आखातात, त्यामुळे या विषयावर आमच्या मोहल्ल्यात कोणीही पीएचडी देईल.

पालशेतचा_पोर, दुबईच्या बाजूचं मी सांगते, कारण ते मी स्वतः निस्तरलंय. दाखला सगळे शिक्के घेऊन तिथे पोचला की तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन, आणि अरबी अनुवाद. अनुवाद कोणाकडूनही चालत नाही. तिथल्या न्याय मंत्रालयाकडे नोंदणी असलेला अनुवादक लागतो, त्याचा स्वतःचा शिक्का असतो. अनुवाद इकडून रत्नागिरीत कोणा मौलवीसाहेबांकडून करून नेऊ नका, अरबी कितीही शुद्ध असलं तरी. अनुवादक नावं इंग्रजी अक्षरांवरून अरबीत घेतो, म्हणून पासपोर्टचं स्पेलिंग त्याच्यासमोर ठेवा. तो कागद हातात आला की तिथेच उभं राहून वाचून घ्या, किंवा वाचता येणाऱ्याला वाचायला लावा.

आमच्या लोकांसाठी एक वेगळी सूचना. निकाहनामा आणि विवाह नोंदणी दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काझीसाहेबांनी दिलेला निकाहनामा घरात जपून ठेवतात आणि वाटतं झालं. शरियतच्या दृष्टीने झालंच आहे. पण पुढच्या शिक्क्यांसाठी सरकारी निबंधकाने दिलेला दाखला हवा. महाराष्ट्राचा १९९८चा विवाह नोंदणीचा कायदा सगळ्या धर्मांना लागू आहे. त्याच्या अर्जावर नवरा-नवरी, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्याची सही लागते. काझीसाहेब गावात आहेत तोवर ती सही घेऊन टाका. आमच्याकडे निकाह लावायला बाहेरून आलेले काझी होते, सहीसाठी त्यांच्या मागे मंडणगडपर्यंत जावं लागलं होतं माझ्या मामूंना.

आणि फॅमिली व्हिसा झाला की हा कागद कपाटात टाकू नका. तिकडे बाळ झालं तर जन्मदाखल्याच्या वेळी इस्पितळात हाच साक्षांकित विवाह दाखला मागतात. माझ्या जावेला नववा महिना लागलेला आणि नवरा फाईल शोधतोय. फाईल कुठे, तर खेडला माहेरी!

पालशेतचा_पोर
बाप रे. धन्यवाद सगळ्यांना. शबानाताई, हे अनुवादाचं मला कोणीच सांगितलं नव्हतं. खाडीपलीकडे सर, नावाचं काय करू? दाखल्यावरचं नाव बदलून घ्यायचं की पासपोर्टवरचं?

खाडीपलीकडे
दाखल्यावरचं. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे ना, मग तो तसाच राहू द्या. लग्न झालं म्हणून बाईने नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. तांदळात लिहिलेलं नाव घरात हाक मारायला. कागदावर ते आणायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून आणायचा, मग आधार, पॅन, बँक, पासपोर्ट अशी सगळी रांग लावायची. परदेशी जायची घाई असताना हा उद्योग करू नये.

विवाह होतेवेळी ती कोण होती हे दाखल्यात असायला हवं, म्हणजे लग्नाआधीचं नाव, तिच्या शाळेच्या दाखल्यावर आणि पासपोर्टवर आहे ते. दोघांच्या सहीने ग्रामपंचायतीला दुरुस्तीचा अर्ज द्या, सोबत पासपोर्टची आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत. दुरुस्ती नोंदवहीतच व्हायला हवी. नुसत्या दाखल्यावर खाडाखोड करून शेजारी सही केलेला कागद पुढे कोणी घेणार नाही. नोंदवही दुरुस्त झाली की नवीन प्रत घ्या, आणि नाव मराठी व इंग्रजी दोन्हीत, इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवून.

आणि लॅमिनेट करू नका! दरवेळी सांगतो, तरी निम्मे लोक प्लॅस्टिक चढवून आणतात. त्यावर कोणी शिक्का कुठे मारणार?

माईंचा_वाडा
सुनेचं पहिलं नावसुद्धा बदलायची आपली रीत. आमच्या घरात एका सुनेची तीन नावं आहेत, शाळेतलं, सासरचं आणि शेजारणी हाक मारतात ते. माझ्या धाकट्या जावेची आधारकार्डावर एक तऱ्हा, रेशनकार्डावर दुसरी. तिची मुलगी कॅनडाला आहे. तिने आईवडिलांना बोलवायचं ठरवलं तेव्हा कळलं की त्यांच्या लग्नाची नोंदच नाही. १९८१ चं लग्न, तेव्हा कोण नोंद करत होतं? भटजी कधीच देवाघरी गेले. साक्षीदारांपैकी एक आहेत, त्यांना ऐकू येत नाही. वयाचे दाखले बघायला गेलो तर जाऊबाई आणि भावोजी दोघांचीही जन्मतारीख १ जून! मास्तरांनी शाळेत घालताना सरसकट लिहिलेली. आता बोला.

खाडीपलीकडे
माई, एक जूनवाल्यांची तर संघटना काढायला हवी. पण त्याने अडत नाही, सगळ्या कागदांवर तीच तारीख असली म्हणजे झालं.

जुन्या लग्नाची नोंद आजही करता येते. ९० दिवसांच्या आतली नोंद वेगळी, उशिराची वेगळी, जादा शुल्क आणि उशिराच्या कारणाचं प्रतिज्ञापत्र लागतं इतकंच. पत्रिका असेल तर शोधा. नसेल तर मुलांचे जन्मदाखले, जुनं रेशनकार्ड, मतदारयादी, नवरा-बायको म्हणून एकत्र नाव आलेला कुठलाही जुना सरकारी कागद. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्विनीकुमार खटल्यात सगळ्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा असं राज्यांना सांगितलं. पण त्याआधीची न नोंदवलेली लग्नं त्याने अवैध ठरत नाहीत. सप्तपदी झाली, लग्न झालं. नोंद हा त्याचा पुरावा.

आणि आता कॅनडा. कॅनडात अपोस्टिलचा करार ११ जानेवारी २०२४ पासून लागू झालाय. त्याआधी तो देश करारात नव्हता, म्हणून दूतावासाची साखळी असायची. सौदीचं तसंच, ते डिसेंबर २०२२ मध्ये आले. सिंगापूर सप्टेंबर २०२१ मध्ये. अनेक एजंटांच्या याद्या अजून जुन्याच आहेत आणि ते जुन्या शिक्क्यांचे पैसे नव्याने घेतात. कोणी म्हणालं सौदीसाठी दूतावास लागतोच, तर कोणी मागितलाय ते लेखी दाखवा म्हणायचं.

अबोली_ओहायो
अमेरिकेबद्दल लिहू का? थोडं अवांतर आहे, पण हा धागा शोधत लोक येतीलच.

इकडे एच-४ ला (नोकरीवर आलेल्याच्या नवरा-बायकोचा व्हिसा) किंवा ग्रीनकार्डाला अपोस्टिल कोणी मागितला नाही. सरकारी निबंधकाचा दाखला हवा, देवळातली किंवा मंगल कार्यालयातली पावती नव्हे. दाखला किंवा त्यातला काही भाग मराठीत असेल तर संपूर्ण इंग्रजी अनुवाद जोडायचा आणि अनुवाद करणाऱ्याने लिहून द्यायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि हा अनुवाद पूर्ण व अचूक आहे. त्यासाठी कोणी शासनमान्य अनुवादकच हवा असं नाही. शिक्क्यातला मजकूरसुद्धा अनुवादात घ्या, "ग्रामपंचायत अमुक, ता. अमुक" वगैरे. संपूर्ण म्हणजे संपूर्ण.

मुंबईच्या मुलाखतीला लग्नाचे फोटो घेऊन गेले होते. स्टुडिओतला गुळगुळीत अल्बम नेला होता, पण खिडकीतल्या बाईंनी थांबून पाहिला तो मोबाईलवर काढलेला पंगतीचा फोटो, ज्यात माझे सासरे वाढतायत आणि मागे दोन्हीकडची मंडळी दिसतायत.

माईंच्या जाऊबाईंसारख्यांसाठी: अमेरिकेत जुन्या लग्नाचा दाखला मिळतच नसेल तर निबंधकाकडून "नोंद उपलब्ध नाही" असं पत्र, मग इतर पुरावे, आणि तेही नसतील तर लग्नाची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं, असा क्रम नियमातच आहे. कॅनडाचं मला माहीत नाही.

आणखी एक. दाखल्यावर दोन तारखा असतात, लग्नाची आणि नोंदणीची. अर्जात सगळीकडे लग्नाची लिहा. माझ्या नणंदेने एका अर्जात ही, दुसऱ्यात ती लिहिली आणि पुढे पत्रव्यवहार चालू.

उट्रेख्त_वेंगुर्ले
युरोपातल्या बऱ्याच देशांत मामला उलटा आहे. अमेरिका-इंग्लंडात लग्न जिथे लागलं तिथल्या कायद्याने ते वैध असेल तर साधारणपणे ते मानतात, इंग्लंडात परदेशातलं लग्न पुन्हा नोंदवावं लागत नाही. आमच्या नेदरलँड्समध्ये मात्र राहायला आलं की नगरपालिकेच्या लोकसंख्या नोंदवहीत तुमचं नाव चढतं आणि तिथे वैवाहिक स्थितीचा रकाना असतो. तो भरायला अपोस्टिल केलेला दाखला हवा. दाखला डच, इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मनमध्ये नसेल तर शपथबद्ध अनुवादकाकडून अनुवाद. नुसता "आम्ही विवाहित आहोत" म्हणून चालत नाही.

यातून पुढे बरंच काही लटकतं, कर, पेन्शन, मुलांची नावं. आमच्या ओळखीत एक जोडपं आहे, दाखला भारतात राहिला म्हणून नगरपालिकेच्या लेखी नवऱ्याची वैवाहिक स्थिती कितीतरी दिवस "अज्ञात" होती. बायको त्याला अजून अज्ञात म्हणूनच हाक मारते.

जर्मनीला जाणाऱ्यांनी मात्र अपोस्टिल करून मोकळं होऊ नये. भारत करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली होती. त्यांच्या भारतातल्या वकिलातीची ताजी यादी वाचून मगच पैसे घाला.

सुटसुटीत
एवढं सगळं वाचून माझं डोकं दुखायला लागलं. एजंटला द्या आणि झोपा की राव. मी दिलं, घरपोच आलं. मंत्रालय वगैरे काही नाही, नोटरी केलं, दिल्लीत एसडीएमचा (उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा) शिक्का मारला, पुढे परराष्ट्र मंत्रालय. झालं काम. सुट्टी टाकून मुंबईला जाणं, राहणं, पासच्या रांगेत उभं राहणं, याची किंमत कोणी धरतच नाही.

खाडीपलीकडे
तुमचं झालं याचा आनंद आहे. पण ही वाट सगळ्यांची नाही. एसडीएमचा शिक्का म्हणजे कागद ज्या राज्याने दिला त्या राज्याला न विचारता नोटरीच्या आधारावर पुढे जाणं. काही ठिकाणी तो चालतो, काही देशांचे दूतावास वैयक्तिक कागदांवर राज्य शासनाचाच शिक्का मागतात. एजंट हे सांगत नाही कारण त्याला दिल्लीतली वाट स्वस्त पडते. तुम्हाला कुठल्या देशासाठी हवंय, आणि तो देश कुठल्या राज्य-शिक्क्याला मानतो, हे विचारल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत एवढंच माझं म्हणणं.

एजंट नकोच असं मी म्हणत नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या खिडकीवर आपण थेट जातच नाही, त्यांनी नेमलेल्या केंद्रांमार्फतच कागद जातो. २०१९ पासून हे काम दिल्लीबाहेरही होतं, मुंबईत आहे, पणजीतही आहे. अपोस्टिलचं सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये आहे आणि केंद्राचा सेवाआकारही किरकोळ. साध्या साक्षांकनाला तर परराष्ट्र मंत्रालयाचं शुल्कच नाही. दूतावासाचं शुल्क वेगळं, ते जास्त असतं. हे आकडे ठाऊक असले की एजंटाच्या कोटेशनमध्ये त्याची मजुरी किती ते कळतं. मजुरी द्यायला हरकत नाही, ती सरकारी फी म्हणून द्यायला आहे.

शबाना_दापोली
मी अर्धं-अर्धं केलं होतं. मंत्रालयापर्यंत भाऊ स्वतः गेला, पुढचं माणसाला दिलं. मूळ दाखला कोणाच्याही हातात देताना पाठपोट स्कॅन काढून ठेवायचा आणि माणसाकडून सहीनिशी पोच घ्यायची. आणि ग्रामपंचायतीतून एकाऐवजी दोन मूळ प्रती काढून ठेवा. पैसे वाचवायला एकच काढतात आणि मग ती एक दिल्लीत अडकली की इकडे बँकेचं कामही ठप्प.

सुटसुटीत, स्टिकरवरचा क्रमांक टाकून बघितलात का तुम्ही? नसेल तर आजच बघा. आमच्याकडे एकाला नकली चिकटवून दिला होता.

सुटसुटीत
बघितला. खरा आहे. पण तुम्ही घाबरवलंत खरं.

कोकणकन्या_डबा_एस७
एक प्रश्न. मी हिंदू, नवरा ख्रिश्चन, मालवणचा. चर्चमध्ये लग्न झालं, फादरनी दिलेला उतारा आहे. आता आयर्लंडला जातोय. ऑफिसातले म्हणतात परदेशात फक्त कोर्ट मॅरेज धरतात, विशेष विवाह कायद्याखाली परत लग्न करा. सिंधुदुर्गनगरीला जाऊन महिन्याची नोटीस लावायची का आता? जायची तारीख आलीये.

खाडीपलीकडे
"परदेशात फक्त कोर्ट मॅरेज चालतं" हे कोकणात फिरणारं सगळ्यात मोठं बुजगावणं आहे. कुठल्या कायद्याखाली लग्न झालं यापेक्षा त्याची सरकारी नोंद आणि तिचा दाखला आहे का, हे बघतात. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार, दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चर्चमध्ये लागलेलं लग्न वैध असतं. चर्चच्या वहीतला उतारा हा चर्चचा कागद, त्यावर राज्याचा शिक्का मागायला जाऊ नका. त्या लग्नाचा निबंधकाकडचा दाखला काढा आणि त्यावर मंत्रालय, मग अपोस्टिल. आयर्लंड करारात आहे, दूतावास लागणार नाही.

झालेल्या लग्नाची विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे १९५४ च्या कायद्याच्या कलम १५ खाली, नोंद करता येते हे खरं. पण तिथेही ३० दिवसांची जाहीर सूचना आहे आणि दोघांचं ३० दिवस जिल्ह्यात वास्तव्य लागतं. तुमच्यासाठी तो उपद्व्याप नको. आणि झालेलं लग्न "परत लावून" दोन तारखांचे दोन दाखले तर अजिबात करू नका. दोन्ही कधीतरी एकाच टेबलावर येतात आणि मग खरी तारीख कुठली, ते समजावत बसावं लागतं.

पालशेतचा_पोर
अपडेट देतो. बाबा आणि बायको ग्रामपंचायतीत जाऊन आले. नोंदवही बघितली तर गंमत, वहीत नाव माहेरचंच लिहिलेलं आहे! दाखला लिहिताना ज्याने लिहिला त्याने पत्रिकेवरून सासरचं उतरवलं. म्हणजे दुरुस्तीचीसुद्धा गरज नव्हती, वहीप्रमाणे नवीन प्रत द्यायची. ग्रामसेवक भला माणूस, त्याने शांतपणे पासपोर्टवरून एकेक इंग्रजी अक्षर बघत लिहिलं.

पण पहिल्या प्रतीवर गोल शिक्का नेमका बायकोच्या आडनावावर बसला आणि शाई पसरली. आडनावातला मधला "डण" वाचताच येईना. बाबा म्हणाले चालेल, बायको म्हणाली नाही चालणार, दुसरी द्या. आता शबानाताईंच्या सल्ल्याप्रमाणे दोन स्वच्छ प्रती आहेत, शिक्का खाली कोपऱ्यात. पंचायत समितीत विचारलं, गटविकास अधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी करून देतो म्हणाले.

गणपतीच्या आधी मुंबईला जावं की नंतर? तिकीट तर दोन्हीकडचं मिळत नाहीये.

काजूगर
गणपतीच्या तोंडार मुंबयक जाणारी गाडी रिकामीच आसता रे, येणारी भरान येता. जावक तिकीट गावतला, परत येवक नाय. बाबांक दादरच्या भावाकडे थांबव, आरती-बिरती करून येतले.

खाडीपलीकडे
गणपतीच्या आठवड्यात मंत्रालयात अर्धी माणसं गावी असतात, आणि त्यातली निम्मी आपलीच. नंतर जा. जाताना मूळ दोन्ही प्रती, त्यांच्या झेरॉक्स, दोघांच्या पासपोर्टच्या प्रती. तुम्ही स्वतः नसाल तर बाबांच्या नावाचं अधिकारपत्र, तुमच्या आणि सूनबाईंच्या सहीचं, आणि बाबांचं ओळखपत्र. सूनबाई सोबत गेल्या तर उत्तम, शाईचा डाग त्यांनीच पकडला.

सावंतवाडी_सीमा
उशिरा आलेय, पण विचारते. मी पेडण्याची, नवरा सावंतवाडीचा. लग्नाची नोंद गोव्यात केली, तिथे सह्यांसाठी दोनदा जावं लागतं, त्या दोन्ही फेऱ्या करून. नवऱ्याला आता कुवेतला नोकरी लागली. आम्ही राहतो महाराष्ट्रात, मग मंत्रालयात जायचं की पणजीला?

खाडीपलीकडे
राहता कुठे याला अर्थ नाही, दाखला कोणी दिला ते बघायचं. तुमचा दाखला गोव्याच्या नागरी निबंधकाचा, म्हणून राज्याचा शिक्का गोवा शासनाचा. मुंबईच्या मंत्रालयात तो कागद कोणी ओळखणार नाही. हाच नियम उलटही लागतो, लग्न राजापुरात लागलं पण नोंद मुंबई महापालिकेत केली असेल तर महापालिकेच्या दाखल्यापासून सुरुवात.

कुवेत करारात नाही. तेव्हा गोवा शासन, परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन, कुवेतचा दूतावास, मग तिकडचं परराष्ट्र मंत्रालय. मधला टप्पा पणजीत होतो, तुम्हाला सावंतवाडीहून ते जवळच. अरबी अनुवादाबद्दल वर शबानाताईंनी लिहिलंय, मात्र ते दुबईचं आहे. कुवेतमध्ये अनुवादक कोणाचा चालतो ते नवऱ्याच्या कंपनीच्या मंदूबला (सरकारी कामं बघणारा माणूस) विचारून घ्या, इकडून करून नेऊ नका.

सावंतवाडी_सीमा
मिळालं उत्तर. सोमवारी पणजी.